पिकअपला पिकअप नाही : मोठं इंजिन टाकावं का?

मालवाहू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

गाडी टोयोटा पिकअप, १९९१ ची, फोर बाय फोर. २२आर-ई इंजिन, म्हणजे २.४ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. गिअरबॉक्स पाच गिअरचा डब्ल्यू५६. गाडीवर जीव आहे आणि विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तो सल्ला टाइप करणाऱ्यांचे श्रम वाचतील.

अडचण एवढीच की गाडीत दम नाही. मागे ट्रेलर लावला की गाडी, ट्रेलर आणि माल मिळून अडीच टन होतात. लांबचा चढ लागला की चौथ्यात काटा ७० च्या वर सरकत नाही. मागचे हॉर्न मारून वैतागतात. ॲव्हरेजही पडलंय. आधी लिटरला दहा मिळायचे, आता साडेआठ.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे ३.४ लिटरचं व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन (५व्हीझेड-एफई) पडून आहे. तो म्हणतो शनिवार-रविवारचं काम. टाकावं का? ज्यांनी केलंय त्यांचं ऐकायचंय.

धडधड

व्ही६ कशाला? एवढं उघडताच आहात तर शेवरलेचं ५.३ लिटरचं व्ही८ घ्या. लोखंडी ब्लॉक, ४०० न्यूटन मीटरच्या वर टॉर्क (फिरवायचा जोर), जोडायला ॲडॉप्टर तयार मिळतात. एकदाच खर्च करायचा तर मन मारून कशाला?

निवांत

नको म्हणालात तरी सांगतो, विका. मोठ्या इंजिनाची पिकअप कंपनीतून तयार मिळते. तिचे ब्रेक, रेडिएटर, हाउसिंग सगळं त्या इंजिनाच्या मापाचं असतं. तुम्ही तेच सगळं एकेक करून विकत घेणार आणि वर मजुरी देणार.

बारातेराचा पाना

धडधडराव, मागच्या महिन्यात एकाने वायपर हळू चालतो म्हणून विचारलं तिथेही तुम्ही व्ही८ च सुचवलं होतंत.

मालवाहू, इंजिनाचं नंतर बघू. टायर कोणते आहेत? डिफरन्शियलचा रेशो किती, म्हणजे शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाक एकदा फिरतं? टॅपेट (व्हॉल्व्हचे गॅप) शेवटचे कधी सेट केले? कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कधी मोजलंय का? आणि दम नाही हे कधीपासून जाणवतंय, गाडी घेतल्यापासून की मध्येच कधीतरी?

मालवाहू

टायर ३३ इंची, तीनेक वर्षांपूर्वी टाकले. दोन इंच उचललीसुद्धा आहे. पण त्याचा दमाशी काय संबंध? रेशो माहीत नाही. टॅपेट... खरं सांगू? मी घेतल्यापासून कधीच नाही. अकरा वर्षं झाली.

तक्रार तीनेक वर्षांपासूनची. (हे लिहिताना मलाच जरा चमकल्यासारखं झालं.)

बारातेराचा पाना

चमकलात ना, मग अर्धं काम झालं.

रेशो मोजायची घरगुती पद्धत सांगतो. गाडी सपाट जागेवर, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, टू व्हील ड्राइव्हमध्ये. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. दुसरं मागचं चाक जमिनीवरच राहू द्या. आता उचललेलं चाक हाताने मोजून २० वेळा फिरवा आणि कुणालातरी प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायला बसवा. एक चाक धरलेलं असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांमागे डिफरन्शियलचा एकच फेरा होतो. त्यामुळे जो आकडा येईल त्याला दहाने भागलं की रेशो. मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) बसवला असेल तर ही युक्ती चालत नाही, पण तुमच्याकडे नसावा.

मालवाहू

पोराला खाली बसवलं. ४१ फेरे, थोडेसे कमीजास्त.

कोष्टक

म्हणजे ४.१०. थांबा, हा माझा प्रांत.

मूळ टायर २२५/७५ आर १५ धरतो, व्यास साधारण २८.३ इंच. ताशी ९० ला चौथ्या गिअरात (तो डायरेक्ट, १:१) इंजिन मिनिटाला २,७२० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरायचं. ३३ इंची टायरवर तेच ९० गाठायला इंजिन २,३४० लाच फिरतं. या इंजिनाचा टॉर्क सगळ्यात जास्त असतो तो २,८०० ला, १९० न्यूटन मीटर. म्हणजे टायर बदलून तुम्ही इंजिनाला त्याच्या आवडत्या जागेवरून खाली ढकललंत, आणि वर चाकाला मिळणारा जोर १४ टक्के कमी झाला तो वेगळाच. पाचव्याबद्दल बोलतच नाही.

आता गंमत. मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूने चालते, टायर बदललेले तिला कळत नाही. तुमचा खरा वेग मीटरपेक्षा १६-१७ टक्के जास्त असतो. चढाला जे ७० दिसतं ते खरं ८२ आहे. आणि मीटरवर साडेआठ किलोमीटर होतात तेव्हा गाडी खरी ९.९ गेलेली असते. ॲव्हरेज पडलेलंच नाहीये.

मालवाहू

???

तीन वर्षं मी त्या ॲव्हरेजवरून स्वतःला शिव्या घालतोय. इंजेक्टर साफ करून घेतले दोनदा.

धडधड

तरीपण २.४ ते २.४ च. अडीच टन ओढायला लहानच पडणार.

कोष्टक

धडधड यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. शंभर मीटरला सहा मीटर उंची घेणारा चढ, अडीच टन, ताशी ८०. नुसतं वजन वर चढवायला ३३ किलोवॅट लागतात, म्हणजे ४४ अश्वशक्ती. त्यात हवा, टायर, गिअरमधलं घर्षण धरलं तर इंजिनाकडून ८० च्या आसपास मागणी जाते. २२आर-ई ची जाहीर ताकद ११६, पण ती ४,८०० आरपीएमला. मालवाहू चौथ्यात २,१०० वर मागतात. तिथे पन्नास-पंचावन्न घोडेच हजर असतात, बाकीचे अजून तबेल्यात.

तिसऱ्यात टाकलंत तर त्याच वेगाला २,९०० होतील आणि ७५-८० मिळतील.

मालवाहू

तिसऱ्यात टाकलं की इंजिन ओरडतं हो. मला कसंतरी होतं. जुनं इंजिन, कुठे ताणायचं.

बारातेराचा पाना

२,९०० ला ओरडत नाही, बोलतं. उलट खालच्या आरपीएमला पूर्ण रेस देऊन धापा टाकायला लावलंत की बेअरिंगवर जास्त ताण येतो आणि नॉकिंग होतं ते वेगळंच. इंजिन गरम असेल, तेल नीट असेल तर चढाला ३,५०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या.

घरचं गॅरेज

मी अशाच चार सिलिंडरच्या पिकअपमध्ये ३.४ टाकलंय, स्वतःच्या हाताने. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी चांगलं. कागदावर १९० अश्वशक्ती आणि २९८ न्यूटन मीटर. म्हणजे टॉर्क दीडपटीहून जास्त. ट्रेलर मागे आहे हे विसरायला होतं. इंजिन गुळगुळीत चालतं. आजही बोनेट उघडून उगाच बघत उभा राहतो.

आता शनिवार-रविवारचं. इंजिन माउंटिंगवर बसवायला मला खरंच दोनच दिवस लागले. गाडी रस्त्यावर यायला पाच महिने. कारण इंजिन म्हणजे या कामाचा सोपा भाग. तुमचा डब्ल्यू५६ या व्ही६ ला थेट लागत नाही, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) वेगळी. मी व्ही६ वाल्या पिकअपचा आर१५० गिअरबॉक्स घेतला. तो घेतला म्हणून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) बदलली. तिची लांबी वेगळी म्हणून दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट कापून-जोडून बॅलन्स करून घेतले, गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर सरकवला. चेसीवरची माउंटिंगं ३.० व्ही६ वाल्या गाडीच्या मापाने नव्याने वेल्ड केली. सायलेन्सर पहिल्या टोकापासून नवा. रेडिएटर मोठा, कारण जास्त पेट्रोल जाळलं की जास्त उष्णता, आणि तिच्यातला मोठा वाटा पाण्यातूनच बाहेर काढावा लागतो. क्लच, फ्लायव्हील, स्टिअरिंग पंपाचे पाइप, एसीचे पाइप, ॲक्सिलरेटर केबल. प्रत्येक गोष्ट छोटी. पण एकाही छोट्या गोष्टीवाचून गाडी हलत नाही.

त्यात माझा स्वतःचा मूर्खपणा म्हणजे जुनं वायरिंग काढताना कनेक्टरवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत. "लक्षात राहील" म्हटलं. तीन आठवड्यांनी समोर काळ्या वायरींचं जंगल आणि मी.

पुन्हा करीन का? हो. पण माझ्या जुन्या इंजिनाचा ब्लॉकच फुटला होता. मला काहीतरी टाकायचंच होतं. चालतं इंजिन काढून मी हे केलं नसतं.

निवांत

शेवटची दोन वाक्यं ठळक करायला हवीत. +१

वायरमन

वायरिंगचा विषय निघाला म्हणून. हत्ती जातो आणि शेपूट अडकतं ते इथेच. पडून असलेलं इंजिन घेऊ नका. ज्या गाडीतून निघालंय ती अख्खी गाडी मिळाली तरच विचार करा, आणि काढायच्या आधी ते चालताना बघा. ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण लूम (वायरींचा जुडगा), ऑक्सिजन सेन्सर, एअर फ्लो मीटर, पॅडलपर्यंतची केबल, सगळं एकाच गाडीचं हवं. ऑटोमॅटिक गाडीचा ईसीयू मॅन्युअलला लावलात तर तो गिअरबॉक्सचे सोलेनॉइड शोधत बसतो आणि दिवा पेटवून ठेवतो. नंतरच्या काही गाड्यांत इमोबिलायझर असतो, तिथे चावी आणि ईसीयूची जोडी लागते.

तुमची गाडी आधीच इंजेक्शनची आहे, एवढं नशीब. कार्ब्युरेटरवाल्याला टाकीतल्या पंपापासून सुरुवात करावी लागते. कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब पाचेक पीएसआय पुरतो, इंजेक्शनला चाळीसच्या घरात लागतो.

मालवाहू, तुमच्या गॅरेजवाल्याकडे त्या इंजिनाबरोबर काय काय आहे?

मालवाहू

आत्ता फोन केला. इंजिन आहे. "बाकी बघू" म्हणाला.

वायरमन

झालं मग.

बारातेराचा पाना

घरचं गॅरेज यांनी एक लिहिलं नाही, ते मी जोडतो. इंजिन मोठं झालं म्हणून गाडीची ओढायची क्षमता वाढत नाही. तो आकडा चेसी, ॲक्सल, ब्रेक आणि स्प्रिंग यांवर ठरतो, बोनेटखाली काय आहे त्यावर नाही. दीडपट जोराने चढाल, उतरताना थांबवणार ते जुनेच ब्रेक. व्ही६ घातलंत तर नाकावरचं वजन वाढेल, टॉर्शन बार पुन्हा सेट करावे लागतील. व्ही८ घातलंत तर नाकापेक्षा मोती जड. मागचं आठ इंची डिफरन्शियलही बघा. टोयोटाने स्वतः व्ही६ देताना त्यात दोनाऐवजी चार स्पायडर गिअर (आतले छोटे गिअर) घातले, ते उगाच नाही.

आणि तुम्ही गाडी दोन इंच उचललीय म्हणता. मागच्या ॲक्सलपासून चेसीकडे जाणारी एक दांडी आहे, ब्रेकच्या लोड व्हॉल्व्हची. गाडी मागे किती दबलीय त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती तेल सोडायचं ते ठरवतो. गाडी उचलताना ती दांडी कुणी सेट केली का? नसेल तर व्हॉल्व्हला तुमची गाडी कायम रिकामीच वाटतेय आणि मागचे ब्रेक अर्धपोटी आहेत. इंजिन राहू दे बाजूला, हे आधी बघा. ट्रेलर ओढता तुम्ही.

मालवाहू

नाही सेट केली. असं काही असतं हेच माहीत नव्हतं. उद्याच बघतो.

घरचं गॅरेज

पाना यांना सलाम. माझीही नव्हती. आज केली.

बारातेराचा पाना

आता कॉम्प्रेशन. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, बॅटरी भरलेली हवी. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टर मारा. चारही आकडे इथे टाका. या इंजिनाला १७१ पीएसआय आदर्श, १४२ च्या खाली नको, आणि सिलिंडरांमध्ये १४ पेक्षा जास्त फरक नको.

(चार दिवसांनी)

मालवाहू

१६५, १६०, ११८, १६२. तिसरा गेला का? इंजिन उतरवायचं?

धडधड

उतरवायचंच आहे तर...

बारातेराचा पाना

धडधडराव, थांबा जरा.

तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा झटकन वर गेला तर रिंगा. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह, किंवा हेडचं पॅकिंग. शेजारचे सिलिंडर चांगले आहेत आणि पाणी कमी होत नसेल, तर माझी पैज व्हॉल्व्हवर.

मालवाहू

तेल घालून १२०.

बारातेराचा पाना

मग झाकण उघडा आणि फिलर गेज घ्या. गरम इंजिनावर इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. २२आर-ई ला हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, हाताने सेट करावे लागतात. व्हॉल्व्ह सीटवर झिजत जातो तसा गॅप कमी होतो. एक दिवस गॅपच उरत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. टॅपेट वाजतात तेव्हा लोक धावत येतात. घट्ट झालेले वाजत नाहीत. म्हणून तेच जास्त घातक.

झाकण उघडलंच आहे तर टायमिंग चेनचे गाइड टॉर्च मारून बघा. प्लास्टिकचे असतात, तुटले की चेन कव्हर खरवडायला लागते.

मालवाहू

तिसऱ्याचा एक्झॉस्ट : गेजचं सगळ्यात पातळ पातंसुद्धा जाईना. दुसऱ्याचाही कमी होता. सगळे सेट केले. गाइड शाबूत. दोन दिवस गाडी चालवून आज पुन्हा मोजलं : १६५, १६२, १५२, १६३.

अकरा वर्षं. एका फिलर गेजचं काम होतं.

कोष्टक

फरक १३. बसला नियमात.

आता एक विनंती. मूळ चाकं ठेवलीयत का अजून? तोच चढ, तोच माल, दोन्ही टायरवर करून बघा. वेग मोबाईलच्या जीपीएसवर घ्या, मीटरवर नाही.

मालवाहू

शेडमध्ये होती, हवा भरली. आज दिवसभर तेच केलं, घरचे म्हणतात वेड लागलंय.

३३ इंची, चौथा गिअर : जीपीएसवर ८४. जुने टायर, चौथा : ९०. आणि पुन्हा ३३ इंची लावून तिसऱ्यात, मन घट्ट करून : ९२, टॅकोमीटर ३,३०० वर. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. कानाला सवय व्हायला वेळ लागेल, पण गाडीला काहीच वाटलं नाही.

म्हणजे प्रश्न असा उरतो : ३३ ठेवायचे की परत लहान?

निवांत

३३ का टाकले होते? दगडधोंड्यातून जाता का?

मालवाहू

वर्षातून दोनदा. बाकी... दिसतात छान.

निवांत

प्रामाणिकपणाबद्दल पाच गुण.

बारातेराचा पाना

दिसणं हेही कारण असतं, लाजू नका. ठेवायचे असतील तर ४.८८ चे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधले रेशो ठरवणारे दोन गिअर) टाका. मागे आणि पुढे, दोन्हीकडे. फोर बाय फोर गाडीत दोन ॲक्सलचे रेशो वेगळे ठेवलेत आणि कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावलंत तर ट्रान्सफर केस स्वतःशीच भांडून मोडेल.

कोष्टक

४.८८ वर ३३ इंचीला ताशी ९० ला २,७८०. म्हणजे कंपनीने दिलं होतं त्यापेक्षा किंचित वर, टॉर्कच्या शिखरावर नेमकं. प्रत्येक गिअरात चाकाला १९ टक्के जास्त जोर. व्ही६ ने ५७ टक्के मिळाला असता, ते खरं. पण त्यासाठी गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत सगळं बदलावं लागलं असतं.

घरचं गॅरेज

सहमत. आणि उद्या कधी इंजिन टाकायची वेळ येऊ शकते हे धरून आत्ताच व्ही६ वालं चार स्पायडरचं तिसरं मेंबर (डिफरन्शियलचा आतला अख्खा संच) शोधा. ४.८८ आत्ताच त्यात बसवून घेतलंत तर तेव्हा मागचा ॲक्सल पुन्हा उघडावा लागणार नाही.

धडधड

मी गप्प आहे. पण माझं मन मोडलंय.

मालवाहू

धडधड, चढाला तिसऱ्यात तुमची आठवण काढीन.

घरचं गॅरेज म्हणतात तसंच करतो. चार स्पायडरचं मेंबर एका ठिकाणी मिळतंय, ४.८८ चे दोन्ही सेट मागवतो. व्ही६ वाल्या गॅरेजवाल्याला नकार कळवला. तो म्हणाला, "हरकत नाही, अजून दोघं विचारून गेलेत, दोघांनाही शनिवार-रविवारचंच सांगितलंय."

बारातेराचा पाना

क्राउन-पिनियन बसवणारा माणूस नीट निवडा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांवरचा ठसा रंग लावून तपासतो का ते आधी विचारा. "अंदाजाने बसतं" म्हणाला तर उठून या. बसवल्यावर पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवा आणि डिफरन्शियलचं हाउसिंग पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर नाही. मग डिफरन्शियलचं तेल बदला, त्यात बारीक चमक दिसेल, ती नवीन दातांची.

मालवाहू

८०० किलोमीटर हे मीटरवरचे की खरे?

कोष्टक

४.८८ बसलं की दोन्ही जवळपास एकच. मीटर दोन टक्के जास्त दाखवेल.